मेलबर्नचा भाचा, ठाण्याचं टर्फ आणि ‘तू कुणाकडून खेळणार?’

घोडबंदरकर | २२ डिसेंबर २०२५, २३:१४

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय फुटबॉलचा आहे, पण सुरुवात घरगुती, तेव्हा चालवून घ्या.

ताई आणि भावजी मेलबर्नहून आलेत. तिकडे आत्ता उन्हाळ्याची सुट्टी. भाचा पंधरा वर्षांचा, उंचीने माझ्या वर गेलाय, तिथल्या एका क्लबच्या सोळा वर्षांखालच्या संघात लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, म्हणून खेळतो. जन्म तिकडचा. मराठी सगळं समजतं. बोलतो तेव्हा मात्र ‘मी येते’, ‘मी खाल्ली’ असं बोलतो, कारण भाषा फक्त आईकडून उचलली. भावजी घरी कामापुरतंच बोलतात.

काल रविवारी सोसायटीतली पोरं त्याला कोलशेतच्या बाजूला टर्फवर घेऊन गेली. दहा जण, तासाचे पैसे वर्गणीने. पोरांनी नाव विचारलं, याने सांगितलं, आणि पाचव्या मिनिटाला त्याचं नाव ‘ऑस्ट्रेलिया’ पडलं. ‘ए ऑस्ट्रेलिया, पीछे देख!’ ‘ऑस्ट्रेलिया, पास दे ना यार!’ मी जाळीबाहेर चहा पीत उभा होतो. रात्री जेवताना तो हसत सांगत होता की तिकडच्या शाळेत त्याला ‘इंडियन’ म्हणतात.

हे ऐकून आमच्या बाबांनी घास खाली ठेवला. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. नौपाड्यात आयुष्य गेलं, वागळे इस्टेटमध्ये नोकरी, आणि रोव्हर्स कपची फुटबॉल स्पर्धा आली की रजा टाकून मुंबईच्या कूपरेज मैदानावर. त्यांनी विचारलं, ‘मोठा झालास की कुणाकडून खेळणार? आपल्याकडून की त्यांच्याकडून?’

पोरगा म्हणाला, ‘आजोबा, मला अजून कोणी विचारलंच नाहीये.’

‘मी विचारतोय ना!’

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. आज सकाळचा चहा त्यांनी खोलीत घेतला. ताई मला म्हणते, तू बोल बाबांशी. मी काय बोलू? मलाच नीट कळत नाहीये की या प्रश्नाचं बरोबर उत्तर असतं का. तुम्ही सांगा.

खारी_बिस्किट | २२ डिसेंबर, २३:२०

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न नाही, चकली आहे.

रोखठोक_कळवा | २२ डिसेंबर, २३:४१

यात विचारायचं काय? आई ठाण्याची, आजोबा नौपाड्यातले, मग भारतच. सोयी तिकडच्या वापरा, कोण नको म्हणतंय, पण जर्सी आपली. हमझा चौधरी बघा. इंग्लंडच्या लेस्टर सिटी क्लबात वाढला, २०२१ ला एफए कप जिंकणाऱ्या संघात होता. आता बांगलादेशाकडून खेळतो. मार्चमध्ये शिलाँगला येऊन आपल्याला ०-० वर अडकवून गेला आणि नोव्हेंबरात ढाक्यात तर त्यांनी १-० ने हरवलंच. बावीस वर्षांनी हरलो त्यांच्याकडून! त्यांच्या पोरांना आपल्या मातीचं वाटतं, आमच्या एनआरआय पोरांना फक्त आंबा आणि लग्नाचे फोटो.

वकील_वाशीचे | २३ डिसेंबर, ००:०५

रोखठोक, मातीचं नंतर बघू, आधी कागदाचं बघा. हमझाला ब्रिटिश पासपोर्ट ठेवून बांगलादेशाचा पासपोर्ट मिळाला. आपल्याकडे ते जमत नाही. नागरिकत्व कायदा १९५५, कलम ९: दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वखुशीने घेतलंत की भारताचं गेलं. परदेशी पासपोर्टवाल्या भारतीय वंशाच्या लोकांना ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड २००५ पासून मिळतं, त्याच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द आहे म्हणून लोकांचा गैरसमज होतो. ओसीआयवाल्याला मत देता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि निळी जर्सी घालता येत नाही. ही तिसरी गोष्ट २००८ मध्ये आली, क्रीडा मंत्रालयाने भारतीय पासपोर्ट असेल तरच भारताकडून खेळता येईल असं ठरवलं तेव्हा. त्याआधी प्रकाश अमृतराज अमेरिकी पासपोर्टवर आपल्यासाठी टेनिसचा डेव्हिस कप खेळून गेला होता.

म्हणजे कुलपं दोन आहेत. पहिलं फिफाचं, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाचं. त्या देशाचं नागरिकत्व हवं, आणि शिवाय काहीतरी नातं हवं: स्वतःचा जन्म, आई किंवा वडिलांचा जन्म, नाहीतर आजी-आजोबांपैकी एकाचा जन्म त्या देशातला. तिथे जाऊन राहिलात तरी चालतं, पण अठरानंतर गेलात तर पाच वर्षं. भाच्याची आई ठाण्यात जन्मली, त्यामुळे हे कुलूप उघडंच आहे.

दुसरं भारत सरकारचं. भाचा सज्ञान झाला पाहिजे, ओसीआय होऊन पाच वर्षं झालेली पाहिजेत, अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहिलेला पाहिजे, आणि ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडला पाहिजे. तेव्हा कुठे निवड समिती त्याच्याकडे बघणार. बघेलच असं नाही.

घोडबंदरकर | २३ डिसेंबर, ००:१८

वकीलसाहेब, हे ताईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बाबांना एवढं सांगू नकोस, ते उद्याच ट्रॅव्हल एजंटला फोन लावतील.’

रोखठोक_कळवा | २३ डिसेंबर, ००:२२

मग सरकारने दुहेरी नागरिकत्व द्यावं. विषय संपला.

वकील_वाशीचे | २३ डिसेंबर, ००:२६

संसदेत कायदा बदलायचा, तोही एका लेफ्ट बॅकसाठी? स्ट्रायकर असता तर मीच याचिका लिहिली असती. गोल करायला माणूस नाही म्हणून चाळिशीच्या छेत्रीला निवृत्तीतून परत बोलवावं लागलं या वर्षी.

खारी_बिस्किट | २३ डिसेंबर, ००:२७

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत).

कूपरेज_कट्टा | २३ डिसेंबर, ०८:५०

घोडबंदरकर, तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा. रोव्हर्ससाठी रजा टाकणारी पिढी आता फार उरली नाही. फॅक्टरीच्या गेटवर ‘सासरे सिरियस’ सांगून कूपरेजला जाणारे आमच्या खात्यात चौघे होते. सासऱ्यांचं आयुष्य वाढायचं उलट.

हा प्रश्न बाबांना वाटतो तेवढा नवा नाही, हे त्यांना सांगा. एके काळी देश बदलणं हे क्लब बदलण्याइतकं सोपं होतं. लुईस मोंती १९३० च्या विश्वचषकाची अंतिम लढत अर्जेंटिनाकडून खेळला आणि हरला, १९३४ ची इटलीकडून खेळला आणि जिंकला. दोन वेगळ्या देशांकडून अंतिम लढत खेळलेला तो एकटाच. कुबाला चेकोस्लोव्हाकिया, हंगेरी आणि स्पेन असे तीन देश करून बसला. पुश्काशने हंगेरीसाठी ८५ सामन्यांत ८४ गोल केले. ५६ च्या हंगेरीतल्या उठावानंतर तो परत गेलाच नाही, आणि १९६२ मध्ये स्पेनच्या जर्सीत विश्वचषक खेळायला उतरला. स्पेनसाठी चार सामने, गोल एकही नाही! माझे वडील म्हणायचे, ‘पाय गेले स्पेनला, गोल राहिले बुडापेस्टला.’ दि स्टेफानोचं तर आणखी वाईट. अर्जेंटिना झालं, स्पेन झालं, पण विश्वचषकाचा एकही सामना नशिबात नाही. ६२ ला संघात होता, दुखापतीने बाहेर बसला.

मग फिफाने ते दार लावलं. एकदा वरिष्ठ संघाकडून खेळलास की संपलं. २००४ पासून पुन्हा थोडं थोडं उघडत गेलं. आधी फक्त कनिष्ठ गटांत खेळलेल्यांना एकविसाव्या वर्षापर्यंत बदलायची मुभा होती, २००९ ला ती वयाची अट गेली. केव्हिन-प्रिन्स बोआटेंग जर्मनीच्या कनिष्ठ संघांतून खेळला होता, तो त्यामुळेच घानाकडे जाऊ शकला आणि २०१० च्या विश्वचषकात सख्ख्या सावत्र भावासमोर, जेरोमसमोर, उभा राहिला.

परवा १४ तारखेला मेस्सी वानखेडेवर येऊन गेला ना, आमच्या नातवाने तिकिटाचा आकडा सांगितल्यावर मी टीव्ही लावला. तोच मेस्सी तेराव्या वर्षी बार्सिलोनाला गेला होता, स्पेनवाले त्याच्यावर डोळा ठेवून होते. हे कळल्यावर अर्जेंटिनाच्या महासंघाने जून २००४ मध्ये घाईघाईने पॅराग्वेशी वीस वर्षांखालील मुलांचा एक सामना जुळवून आणला. मेस्सीला निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत एकदा उतरवणं हाच हेतू. ८-० ने जिंकले. त्याला कोणी जेवताना विचारलं नव्हतं, बोलावलं होतं.

वकील_वाशीचे | २३ डिसेंबर, ०९:३५

‘सख्खा सावत्र भाऊ’ हे कोणतं नातं? बाकी मस्त.

पुढचा भाग मी जोडतो. मुनीर एल हद्दादी, जन्म स्पेनचा, वडील मोरोक्कोचे. सप्टेंबर २०१४ मध्ये मॅसेडोनियाविरुद्ध स्पेनने त्याला शेवटची तेरा मिनिटं उतरवलं. पुन्हा कधी बोलावलं नाही. मोरोक्को घ्यायला तयार होतं, पण ती तेरा मिनिटं अधिकृत स्पर्धेतली होती म्हणून अडकला. क्रीडा लवादापर्यंत गेला, हरला. अखेर २०२० मध्ये फिफाने नियम सैल केला: एकविशीच्या आत तीनपेक्षा जास्त सामने नसतील, त्यांत विश्वचषक किंवा खंडीय स्पर्धेची मुख्य फेरी नसेल आणि मध्ये तीन वर्षं गेली असतील तर बदला. २०२१ मध्ये तो मोरोक्कोकडून उतरला. तेरा मिनिटांसाठी सहा वर्षांवर. आमच्याकडे भाडेकरूंच्या दाव्यांना लागतात त्याहून कमीच म्हणा.

कूपरेज_कट्टा | २३ डिसेंबर, ०९:४१

वडील एकच, आया दोन. सावत्र म्हणायचं होतं, ‘सख्ख्या’ चुकून राहिलं. चष्मा बदलायला हवा.

ठाकुर्ली_फास्ट | २३ डिसेंबर, १०:१२

गाडीत आहे, दोनच मुद्दे. एजाज पटेल मुंबईत जन्मला, आठ वर्षांचा असताना न्यूझीलंडला गेला, आणि डिसेंबर २०२१ ला वानखेडेवर येऊन एका डावात आपल्या दहाच्या दहा विकेट काढल्या. अख्ख्या स्टेडियमने टाळ्या वाजवल्या. सौरभ नेत्रावळकर भारताकडून १९ वर्षांखालचा विश्वचषक खेळला, मग अमेरिकेला गेला आणि २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात रोहित आणि कोहली दोघांनाही काढलं. आपल्या ग्रुपवर त्या रात्री काय आलं होतं? ‘मुंबईचा पोरगा!’ ‘बघा, नोकरी सांभाळून खेळतो!’

आपला पोरगा दुसऱ्यांकडून खेळला की कौतुक. मग कुणी आपल्याकडून न खेळता जन्मलेल्या देशाकडून खेळला तर गद्दारी कशी? ऐरोली आलं, सिग्नल जातोय.

खारी_बिस्किट | २३ डिसेंबर, १०:१४

ठाकुर्लीची फास्ट ऐरोलीला कशी?

ठाकुर्ली_फास्ट | २३ डिसेंबर, १०:५०

ऑफिस रबाळ्याला. ठाण्याला बदलून ट्रान्स-हार्बर. आयडी जुना आहे, नोकरी नवी.

आम्स्टेलवेनची_मुक्ता | २३ डिसेंबर, १८:२०

माहेर ठाण्याचं, चरई. इथे नेदरलँड्समध्ये तेरा वर्षं झाली. हा धागा वाचून हात शिवशिवले, लांबलं तर माफ करा.

२०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी आमच्या मजल्यावरच्या मोरोक्कन कुटुंबात रोज पंधरावीस माणसं. बेल्जियमला हरवलं, स्पेनला पेनल्टीवर हरवलं, पोर्तुगालला हरवलं. दर वेळी काकू आमच्याकडे पुदिन्याचा चहा आणि काहीतरी तळलेलं पाठवायच्या. आफ्रिकेचा पहिला संघ उपांत्य फेरीत गेला, तेव्हा त्यांचा मुलगा जिन्यात बसून रडत होता. तो मुलगा डच शाळेत शिकलेला, डच क्लबात खेळलेला, माझ्या मुलीला डच व्याकरण शिकवणारा.

त्या संघातल्या २६ पैकी १४ जण मोरोक्कोबाहेर जन्मलेले. झियेश इथे, नेदरलँड्समध्ये. हकीमी माद्रिदला, आणि स्पेनविरुद्धची शेवटची पेनल्टी त्यानेच मारली, तीही हळूच उचलून, गोलकीपर पडल्यावर. गोलकीपर बोनो कॅनडात जन्मलेला. प्रशिक्षक रेग्रागुई फ्रान्समध्ये. आता कोणी म्हणेल, बघा रक्त बोलतं. थोडं बोलतही असेल. पण रक्त आपोआप बोलत नाही, कोणीतरी फोन लावावा लागतो. मोरोक्कोच्या महासंघाने युरोपात माणसं नेमली आहेत, पोरं लहान असतानाच त्यांच्यावर नजर असते. शिवाय मोरोक्कोचं नागरिकत्व ठेवून इकडचंही ठेवता येतं. पोराला काही सोडावं लागत नाही.

आणि तरीही सगळे येत नाहीत. लामिन यामालचे वडील मोरोक्कोचे, आई इक्वेटोरियल गिनीची. मोरोक्कोने प्रयत्न केले, त्याने स्पेन निवडलं. ब्राहिम दियास उलट: मालागाचा, स्पेनकडून एक सामना खेळून गोलही केलेला, तो २०२४ मध्ये मोरोक्कोकडे आला. दोघांनाही वाईट म्हणणारे आहेतच.

मला यात ओझीलची गोष्ट सगळ्यात जास्त टोचते. जर्मनीत जन्मला, जर्मनीसाठी विश्वचषक जिंकला, आणि २०१८ मध्ये संघ सोडताना म्हणाला की जिंकलो की मी जर्मन, हरलो की स्थलांतरित. तुर्कीच्या अध्यक्षांसोबतच्या त्याच्या त्या फोटोबद्दल मत काहीही असो, हे वाक्य इथल्या प्रत्येक घरात समजतं. घोडबंदरकर, तुमचा भाचा ‘तिकडे इंडियन, इकडे ऑस्ट्रेलिया’ म्हणून हसला ना, त्या हसण्याची आमच्या मुलीला पण सवय झालीय.

घोडबंदरकर | २३ डिसेंबर, २१:०२

मुक्ता, खूप आभार. ताईला तुमचा प्रतिसाद दाखवला, ती काही बोलली नाही. मग भांडी घासायला बाई येणार असूनही स्वतःच घासत बसली.

रोखठोक_कळवा | २३ डिसेंबर, २१:३०

मुक्ताताई, पटलं थोडं. पण आजी-आजोबांपर्यंत नातं चालतं ना? मग आपल्या महासंघाने जगभर शोधावं. गोव्याचे, अँग्लो-इंडियन, मंगळुरी, केवढे आहेत बाहेर. पन्नास आज्या शोधा, अकरा नातू मिळतील.

वकील_वाशीचे | २३ डिसेंबर, २१:४८

आज्या शोधताना जपून. मलेशियाने याच वर्षी सात परदेशी जन्मलेले खेळाडू घेतले, जूनमध्ये व्हिएतनामला ४-० ने धुतलं, सगळे खुश. मग फिफाने मूळ जन्मनोंदी मागवल्या तर आजी-आजोबा निघाले अर्जेंटिना, ब्राझील, नेदरलँड्स आणि स्पेनचे. सादर केलेले दाखले फिरवलेले. सप्टेंबरमध्ये महासंघाला दंड आणि सातही जणांवर बारा महिन्यांची बंदी. आपल्याकडे तर तहसील कचेरीत खरा दाखला मिळवायला तीन चकरा होतात.

आणि तुम्ही म्हणता ती खरी आजी-आजोबांची गोष्ट घडलीये. रायन विल्यम्स, बेंगळुरू एफसीचा विंगर, जन्म पर्थचा, आईचं कुटुंब मुंबईचं अँग्लो-इंडियन. त्याचे आजोबा पन्नासच्या दशकात बॉम्बेकडून संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्याराज्यांची फुटबॉल स्पर्धा, खेळले होते. हा स्वतः २०१९ ला ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामना खेळलेला. यंदा ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. त्याच्याआधी अराता इझुमी: वडील भारतीय, आई जपानी, महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसीकडून खेळला, जपानी पासपोर्ट सोडला आणि २०१३ मध्ये भारताकडून उतरला. मोजायला एका हाताची बोटं पुरतात.

गंमत पुढे आहे. विल्यम्स ढाक्याच्या सामन्यासाठी संघासोबत गेला आणि बाहेर बसून राहिला, कारण ऑस्ट्रेलियाकडून यायचा कागद वेळेवर आला नव्हता. पासपोर्ट सोडून झाला, देश बदलून झाला, आणि अडलं कुठे तर एनओसीला.

खारी_बिस्किट | २३ डिसेंबर, २१:५१

सोसायटी ट्रान्सफर आणि देश ट्रान्सफर, दोन्हीकडे एनओसीच.

खारघरची_आई | २४ डिसेंबर, ११:१५

तुम्ही सगळे देशांवर बोलताय, आमचं घोडं जिल्ह्यावर अडलंय. घर खारघरला म्हणजे रायगड जिल्हा. लेकाची शाळा नेरुळला म्हणजे ठाणे जिल्हा. शाळेच्या स्पर्धा शाळेच्या पत्त्यावर, बाहेरच्या स्पर्धा घरच्या पत्त्यावर. मागच्या वर्षी एका स्पर्धेत त्याच्यासमोर त्याच्याच सोसायटीतला जिवलग मित्र होता. दोघं एकाच स्कूटरवरून, म्हणजे माझ्याच, मैदानावर गेले. मॅच संपल्यावर एकमेकांशी बोलत नव्हते, आणि मी मध्ये वडापाव धरून उभी.

एका निवड चाचणीत तर (नाव घेत नाही) आधार दाखवला तर म्हणाले जन्मदाखला हवा, जन्मदाखला दाखवला तर म्हणाले शाळेचा दाखला हवा, तो आणेपर्यंत चाचणी संपली. पोराला बॉलला हात, सॉरी पाय, लावायला मिळाला नाही.

भाच्याचं उत्तर मला अगदी पटलं. ‘कोणी विचारलंच नाहीये.’ पंधराव्या वर्षी देश निवडायचा नसतो हो, आधी संघात निवडलं जायचं असतं. ज्यांना निवड करायला मिळते असे किती? २०१७ ला १७ वर्षांखालचा विश्वचषक होता तेव्हा लेकाला डी. वाय. पाटीलला स्पेन-मालीची उपांत्य लढत दाखवायला नेलं होतं. तो तेव्हा सात वर्षांचा. फेरान तोरेसने गोल केला होता त्यात. मालीची पोरं ३-१ ने हरली आणि मैदानावर आडवी झाली. भारताचे सामने आधी इथेच होणार होते, मग दिल्लीला गेले, नाहीतर ते पण बघितले असते. येताना लेक म्हणाला, ‘आई, ते रडत का होते, ते तर इतके छान खेळले.’ आता तो पंधराचा आहे आणि कळतं त्याला का रडतात ते.

निशिगंध | २४ डिसेंबर, १४:४०

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, नवरा आणि मुलगा बघतात म्हणून कानावर पडतं. पण एक चित्र डोक्यात बसलंय. २०१६ च्या युरो चषकात झाका भाऊ-भाऊ समोरासमोर होते, ग्रानित स्वित्झर्लंडकडून आणि तौलांत अल्बानियाकडून. त्यांची आई प्रेक्षकांत अर्धा स्विस आणि अर्धा अल्बानियन टी-शर्ट शिवून घालून बसली होती. सगळे म्हणाले कित्ती गोड. मला वाटलं, बाई, तुला हे शिवताना शिवण कुठून घ्यायची ते कसं कळलं?

मी मूळची सांगलीची. लग्न होऊन ठाण्यात बावीस वर्षं झाली. हळदीकुंकवाला कोणी विचारलं ‘तुम्ही कुठल्या?’ की तोंडातून सांगलीच येतं. रेशन कार्ड ठाण्याचं, आडनाव ठाण्याचं, मतदान ठाण्याला. कोणी मला सांगलीचा पासपोर्ट जमा करा म्हणत नाही, हे आमचं नशीब. आणि खरं सांगू, सुरुवातीला सासूबाई ‘आपल्याकडे असं नसतं’ म्हणायच्या, त्यातल्या ‘आपल्या’मध्ये मी आहे की नाही हे कळायला मला पाच-सहा वर्षं गेली.

रोखठोक_कळवा | २४ डिसेंबर, १४:५५

झालं. धागा सासर-माहेरवर गेला. आता चारशे प्रतिसाद नक्की. (दिवे घ्या, गंमत आहे.)

निशिगंध | २४ डिसेंबर, १५:०२

घेतले. पण ‘सुनेने माहेर विसरावं’ म्हणणारे आणि ‘पोराने आजोळ विसरू नये’ म्हणणारे एकच असतात, एवढं बोलून जाते.

संपादक_मंडळ | २४ डिसेंबर, १६:३०

यानंतरचे सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. सासर-माहेरसाठी वेगळा धागा काढावा. मामलेदार मिसळीत पाव किती मिळतात याचीही इथे चर्चा नको.

बेलापूर_बाबू | २६ डिसेंबर, ००:३२

उशिरा आलो. मी एचआरमध्ये आहे, त्यामुळे माझी लाडकी गोष्ट सांगतो. रोबेर्तो लोपेस, सगळे पिको म्हणतात. डब्लिनमध्ये जन्मला, आई आयरिश, वडील केप व्हर्देचे. आयर्लंडच्या स्थानिक लीगमध्ये बचावफळीत खेळायचा. २०१८ मध्ये त्याला लिंक्डइनवर एक मेसेज आला, पोर्तुगीजमध्ये. त्याला पोर्तुगीज येत नाही. स्पॅम समजून सोडून दिला. काही महिन्यांनी त्याच माणसाचा पुन्हा मेसेज: विचार केलास का? तेव्हा याने भाषांतर करून बघितलं, तर पाठवणारा केप व्हर्देचा राष्ट्रीय प्रशिक्षक, आणि विचारत होता की आमच्याकडून खेळशील का! २०१९ ला पदार्पण, आणि यंदा ऑक्टोबरमध्ये केप व्हर्दे पहिल्यांदा विश्वचषकाला पात्र. गटात स्पेन, उरुग्वे आणि सौदी अरेबिया.

क्युरासाओ तर आणखी छोटं, दीड लाखांच्या आसपास वस्ती. विश्वचषकाला पोचलेला आजवरचा सगळ्यात कमी लोकसंख्येचा देश. जवळजवळ अख्खा संघ नेदरलँड्समध्ये जन्मलेला. ठाणे शहर २०११ च्या जनगणनेत अठरा लाखांवर होतं. आपण फिफाच्या क्रमवारीत १४० च्या पलीकडे, आशिया चषकालाही पात्र नाही, आणि डिसेंबर संपत आला तरी आपली आयएसएल लीग सुरू व्हायचा पत्ता नाही. आजोबांचा प्रश्न प्रेमाचा आहे हो, पण ‘आपल्याकडून’ म्हणजे नक्की कुठे यायचं पोराने? मैदान कुठलं, लीग कुठली, फोन कोण करणार?

रोखठोक_कळवा | २६ डिसेंबर, ०९:१०

हे मात्र कबूल. मला आता महासंघाचाच राग यायला लागलाय. तो जास्त सोयीचा आहे.

ठाकुर्ली_फास्ट | २६ डिसेंबर, ०९:१४

एक राहिलं. ब्रील एम्बोलो, जन्म कॅमेरूनचा, २०२२ च्या विश्वचषकात स्वित्झर्लंडकडून कॅमेरूनवरच गोल मारला. एकमेव गोल, सामना तिथेच संपला. मारल्यावर दोन्ही हात वर करून गप्प उभा राहिला. मित्र मिठ्या मारतायत आणि हा पुतळा. आमच्या कॅन्टीनमध्ये टीव्हीसमोर सगळे एकदम शांत झाले होते. गाडी आली.

घोडबंदरकर | ४ जानेवारी २०२६, २२:४०

मंडळी, धागा वर काढतोय. ताई मंडळी परवा निघाली, घर रिकामं वाटतंय.

धागा बाबांना वाचून दाखवला, दोन बैठकांत. पुश्काशला ‘हे मला माहीत होतं’ म्हणाले, मोंतीला ‘हे माहीत नव्हतं’ म्हणाले. सांगलीवाल्या ताईंच्या प्रतिसादाला आईने मान हलवली आणि बाबांनी विषय बदलला. विल्यम्सचे आजोबा बॉम्बेकडून खेळले होते हे ऐकल्यावर ते उठून बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाला म्हणाले, ‘शूज घाल.’

दोघं स्लो लोकलने सीएसएमटीला गेले, बाबांना फास्टमध्ये चढवत नाही आता. तिथून टॅक्सीने कूपरेज. मी ऑफिसला होतो, त्यामुळे ऐकीव सांगतो. आत कोणी सोडलं नाही. रखवालदाराशी बाबांनी अर्धा तास घातला. मग कुंपणाबाहेरून बाबांनी दाखवलं, मी कुठे बसायचो, मोहन बागानचा चुनी गोस्वामी कुठून बॉल घेऊन निघायचा, दंगल झाली तेव्हा मी कुठून पळालो. पोराने विचारलं, ‘त्या विल्यम्सचे आजोबा इथेच खेळली असतील?’ बाबा म्हणाले, ‘असतील. पण खेळले म्हणायचं.’ येताना दोघांनी काय खाल्लं ते आईला सांगायचं नाही असं ठरलंय, त्यामुळे लिहीत नाही.

‘कुणाकडून खेळणार’ हा प्रश्न पुन्हा निघाला नाही. विमानतळावर बाबांनी त्याला फक्त विचारलं, ‘डावा पाय आहे ना तुझा?’ तो म्हणाला ‘हो’. ‘मग कोणीतरी विचारेल. डाव्या पायाचे बॅक कमी मिळतात.’

टर्फवरची पोरं शेवटच्या दिवशीही ‘ऑस्ट्रेलिया’च म्हणत होती. ग्रुपवर घेतलंय त्याला, तिथेही नाव तेच आहे, आपलं कोणीतरी शेजारी कांगारू लावलाय.

हां, बेलापूर_बाबू, तुमची लिंक्डइनची गोष्ट त्याने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. त्याला खातं उघडायचं होतं, पण सोळा पूर्ण लागतात. म्हणून जाताना मला बजावून गेलाय, ‘मामा, तू तुझं बघत जा.’ तेव्हापासून रोज बघतोय. आत्तापर्यंत दोन मेसेज आलेत, एक विम्याचा आणि एक घोडबंदर रोडला टू बीएचके हवाय का म्हणून.

खारी_बिस्किट | ४ जानेवारी, २२:४३

स्पॅममध्ये पण बघत जा.